पासावर सहा जण

बापूंचं पान जसंच्या तसं होतं.

निरुपमानं वरचं स्टीलचं झाकण उचललं आणि हातात धरून तशीच उभी राहिली. मसालेभात, त्यावर गोठून पांढरं पडलेलं तूप, भरली वांगी, आवळ्याचं लोणचं, दोन पुऱ्या. एकाही पुरीचा तुकडा मोडलेला नव्हता. मुंग्या तेवढ्या रांग लावून जेवायला बसल्या होत्या.

"मोहनाताई, बापू जेवलेच नाहीत."

मोहनाताई जाजमाची घडी घालत होती. तिनं मान वर न करताच म्हटलं, "जेवले असतील गं. झाडासाठी वाढलेलं पान घेऊन गेले ना तिकडे? तिथेच बसून खाल्लं असेल."

"झाडाचं पान ते झाडाला ठेवतात, त्यातलं शीतसुद्धा तोंडात घालत नाहीत. हे त्यांचं स्वतःचं पान. मी वाढलं, मीच झाकलं."

"मग भूक नसेल."

"त्यांनी सुई घेतलीय, ताई. साडेबाराला, गाडीत. माझ्यासमोर."

आता मोहनाताईनं मान वर केली. घड्याळात पावणेचार वाजले होते. बावीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या रक्तातली साखर मोजण्यात गेलेल्या निरुपमाला पुढचं गणित कुणी सांगायला नको होतं. इन्सुलिन पोटात गेलेल्या अन्नाची वाट बघत बसत नाही. आधी घाम येतो, मग हात कापतात, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, मग बोलतच नाही. आणि हे सगळं अशा माणसाला, वय चौऱ्याहत्तर, जो कागदोपत्री ह्या जंगलात आलेलाच नव्हता.

ते कागदाचं खरं तर निरुपमानंच केलं होतं.

आवळीभोजनाची मोजदाद घरात बापूंकडे असायची. कार्तिक लागला की सासऱ्यांचा हा धाकटा भाऊ, ना बायको ना पोर, बडोद्याला नागरवाड्याच्या घरातल्या मधल्या खोलीतून हाक मारायचा, "यंदा झाडासकट आठ!" म्हणजे पत्रावळी आठ, माणसं सात. आवळ्याच्या झाडालाही पान वाढायचं ही ह्या घराची जुनी रीत. निरुपमा लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोक्यात ते बसलं होतं: आकडा ऐकायचा आणि त्यातून झाड वजा करायचं. यंदा बापूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मोजदाद मोठ्या नणंदेकडे गेली. मोहनाताईनं निजामपुऱ्यातून फोनवर सांगितलं, "सात." तिनं झाड आधीच काढून टाकलं होतं. निरुपमानं परत एकदा काढलं.

पूर्वी हे सगळं चालून जायचं. जंगलात शिरा, चूल मांडा, भात शिजवा, संध्याकाळी राख झाकून या. आता अभयारण्याला पास लागतो, ऑनलाइन, दोन दिवस आधी, प्रत्येकाचं आधार जोडून. किती जण, असं वेबसाइटनं विचारलं. तिनं सहा दाबलं. सहा चौकोन उघडले. स्वतः, नवरा अनीश, सासूबाई, मोहनाताई, तिचे यजमान विश्वासराव, त्यांचा मुलगा विहंग. चौकोन भरले, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ वर टिचकी मारली, आणि भाजी निवडायला बसली. बापूंना चौकोन उरला नाही हे तिला कळलंसुद्धा नाही. आकडा चुकला ते चुकलं. पण सहा नावं लिहिल्यावर सातवं आठवू नये? रोज सकाळी तिच्या हातचा पहिला चहा ज्याला जातो त्याचं?

सकाळी हालोलच्या पुढे चहाला थांबले तेव्हा तिनं पास उघडला आणि त्यात बापूंचं नाव नव्हतं. विश्वासराव म्हणाले परत फिरू. बापू हसले. "छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. विदाउट तिकीटवाले सीटखालून ओढून काढलेत. त्यांना काय वाटत असेल ते बघू तरी दे एकदा!" आणि सात सीटच्या गाडीत मागे भांड्यांच्या मधे जाजम पांघरून आडवे झाले. चौकीवर पहारेकरणीनं काचेतून सहा डोकी मोजली आणि दांडा वर केला. आतमध्ये जाजमाखालून बापूंचं हसू ऐकू येत होतं. सगळेच हसले होते. निरुपमासुद्धा.

"विहंग!" तिनं हाक मारली. "ऊठ. बापू सापडत नाहीयेत."

विहंग बाकावर आडवा पडून मोबाइल बघत होता. तेवीस वर्षांचा, लांबच्या लांब पोरगा. रेंज नव्हती, तरी बघत होता.

"इथेच असतील ने, मामी. त्या झाडाजवळ."

त्या झाडाजवळ कोण असणार? सरकारनं सहलवाल्यांना नेमून दिलेली जागा ही: सिमेंटचे चार बाक, एक हातपंप, ‘आग पेटाववी नहीं’ असा बोर्ड, आणि तारेच्या पिंजऱ्यात लावलेलं कमरेएवढं आवळ्याचं रोप. बापूंनी ते बघितलं तेव्हाच त्यांचं डोकं फिरलं होतं. "ह्याची सावली माझ्या टोपीला पुरायची नाही. आपलं झाड तिकडे आहे, ओढ्यापलीकडे. अर्ध्या तासाची वाट. दादा आणि मी शोधलेलं."

"तिकडे प्रवेश बंद आहे, बापू," विश्वासराव म्हणाले होते. "बोर्ड वाचा. दंड नाही, केस होते."

"झाडाला पान वाढायचं म्हणजे काय कुंडीतल्या रोपाला वाढू?"

"तुम्ही तर आज मोजणीतच नाही. निदान गप तरी बसा."

कुणीतरी हसलं होतं. कोण, ते निरुपमाला आठवत नव्हतं, पण ती स्वतः नव्हती एवढं तिला आठवायचं होतं. बापू उठले. झाडाचं पान वाढून घेतलं, हळदकुंकवाचा डबा सदऱ्याच्या खिशात घातला, आणि "तुम्ही बसा, मी आलोच" म्हणून बाकांच्या मागे गेले. सगळ्यांना वाटलं पिंजऱ्याशी गेले. मग जेवणं झाली. मग डोळे मिटले.

निरुपमा आणि विहंग बाकांच्या मागच्या पायवाटेनं निघाले. शंभर पावलांवर दुसरा बोर्ड होता. त्यावर काळं अस्वल काढलेलं, जीभ बाहेर, आणि खाली गुजरातीत: ह्याच्या पुढे जाऊ नये. बोर्डाच्या पलीकडे एका दगडावर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. ताजं, लालभडक.

"खूण करत गेलेत," विहंग म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"बापू!" निरुपमा ओरडली. "बा-पू!"

सागाची वाळकी पानं वाजली आणि थांबली. वारा नव्हता. कुठूनतरी माकड खोकल्यासारखं ओरडलं, एकदा, दोनदा, आणि सगळं जंगल कान देऊन बसल्यासारखं गप्प झालं. ती बोर्ड ओलांडून पुढे झाली. आणखी एक कुंकवाचं बोट, मोहाच्या बुंध्यावर. आणि त्याच बुंध्यावर, तिच्या डोक्याच्या वर, साल पाच रेघांत उभी सोललेली. आतलं लाकूड अजून ओलं होतं.

विहंगनं तिचा दंड धरला. "मामी, नको."

"सोड."

"मामी, हे नखांचं आहे. आपण दोघं जाऊन काय करणार? आपल्याला वाटसुद्धा माहीत नाही. अजून दोन माणसं हरवतील, बस."

ती त्याच्या कानाखाली देणार होती. पण तो बोलत होता ते खरं होतं. पुढे कुंकू दिसत नव्हतं. खाली उतरत गेलेली दरी होती, बांबूचं गचपण होतं, आणि ऊन तिरपं व्हायला लागलं होतं.

परत आले तेव्हा गाडीत सामान भरून झालेलं होतं. साडेचार. चौकी पाचला बंद होते.

"बसा," विश्वासराव म्हणाले. "आधी बाहेर पडू. बाहेर रेंज येईल. गांधीनगरला माझी ओळख आहे, तिथून फोन लावून शांतपणे..."

"शांतपणे?" निरुपमा म्हणाली. "गांधीनगरचा साहेब फोन उचलेपर्यंत बापू बेशुद्ध पडलेले असतील."

"आणि आत्ता चौकीवर काय सांगणार? की आम्ही एक माणूस जाजमाखाली लपवून आणला? तो बंदीच्या भागात घुसला? अर्जावर सही कुणाची आहे, माहीत आहे ना? तुमची. गाडी कुणाची? माझी. चालवत कोण होतं? विहंग."

विहंगचं नाव आलं आणि मोहनाताईचा चेहरा आवळला. निरुपमाला ते ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. विहंगचे कॅनडाचे कागद गेले होते, राहिला होता एक पोलिसांचा दाखला, ह्या आठवड्यात येणारा. दोन वर्षं त्या घरात दुसरा विषय नव्हता.

"निरुपमा," मोहनाताई हळू आवाजात म्हणाली, "बापूंना हे जंगल पाठ आहे. पलीकडच्या गावात उतरतील. एसटीनं बडोद्याला येतील आणि आपल्यालाच हसतील. त्यांचं नेहमीचंच आहे ने हे?"

"पोटात सुई घेऊन?"

"तू जरा चांगलं बोल की!"

"अनीश," निरुपमा नवऱ्याकडे वळली. "तू बोल काहीतरी. तुझे काका आहेत."

अनीश गाडीच्या टायरकडे बघत होता. रिफायनरीत तो शेकडो माणसांच्या शिफ्टा लावायचा, पण बहिणीच्या नवऱ्यापुढे त्याचं तोंड उघडायचं नाही. "चौकीपर्यंत तर जाऊ," तो म्हणाला. "मग बघू."

सासूबाई आधीच गाडीत बसल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. जावयासमोर त्यांनी आजवर आवाज चढवला नव्हता. त्यांच्या शेजारी निरुपमानं बापूंचं पान ठेवलं, झाकणासकट. त्यांनी ते बघितलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

वाटेत विश्वासरावांना युक्ती सुचली. निरुपमाला कबूल करावं लागलं, युक्ती वाईट नव्हती. "आपण सांगायचं, आत एक म्हातारा माणूस भटकताना दिसला. आजारी वाटला. ते लोक जातील शोधायला. बापूंना बाहेर काढतील. आपलं नाव नाही, गाव नाही. माणूसही वाचला, पोरगाही वाचला. बोला, आहे हरकत?"

कुणालाच हरकत नव्हती. निरुपमालाही नव्हती. हेच तिला नंतर रात्ररात्र खाणार होतं: त्या पाच मिनिटांत तिला किती हलकं वाटलं होतं.

चौकीवर सकाळचीच पहारेकरीण होती. खाकी शर्टावर ‘राठवा’ अशी पट्टी, तिशीच्या आतली, केसांची घट्ट वेणी. तिनं काचेतून बोट नाचवत मोजलं. "एक, बे, त्रण... छ. बराबर छे. प्लास्टिक पाछुं लाव्या?"

विहंगनं कचऱ्याची पिशवी दाखवली. ती खूश झाली. "सरस. जाव."

विश्वासरावांनी काच खाली केली आणि आपल्या सगळ्यात गोड गुजरातीत सुरुवात केली. "बेन, एक वात कहेवानी हती. अंदर एक काका दिसले, म्हणजे जोया. उंमरवाळा. तबियत ठीक नहोती लागती. तमे जरा तपास करावो ने."

राठवाबेननं वही बघितली. "अंदर कोई बाकी नथी, साहेब. आजे छेल्ली गाडी तमारी." तिनं वही मिटली. "गामवाळा हशे. आवळां वीणवा आवे, जाते घरे जतो रहेशे. एने तो जंगल घरआंगणुं. चिंता ना करशो."

"पण बेन, मांदा होते..."

"गामवाळाने कंई ना थाय." तिनं हात केला. आतल्या माणसानं दोरी ओढली. लाल-पांढरा दांडा वर जायला लागला.

म्हणजे झालं. गावचा माणूस असेल तर कुणी जाणार नाही. जो वहीत नाही तो आत नाही.  विहंगनं गिअर टाकला. गाडी हलली. विश्वासरावांनी काच वर घ्यायला बटण दाबलं, आणि काच वर चढताना जो बारीक आवाज येतो तो तिनं शेवटपर्यंत ऐकला.

मग तिनं दार उघडलं. गाडी चालू असतानाच.

"निरुपमा!" मोहनाताई किंचाळली. विहंगनं ब्रेक मारला. भांडी धडाडली. निरुपमा गुडघ्यावर पडली, उठली आणि राठवाबेनसमोर जाऊन उभी राहिली. बोलायला गेली तर गुजराती आठवेना. सगळा जन्म बडोद्यात गेलेला, आणि एक शब्द आठवेना.

"गामवाळा नाही," ती मराठीतच म्हणाली. "आमचे आहेत. आमचे काका. पासमध्ये नाहीत. आम्ही लपवून आणले. मी आणले. डायबिटीस आहे, सुई घेतलीय, जेवले नाहीत. साडेबारापासून."

राठवाबेनला सगळं कळलं. ती रागावेल असं निरुपमाला वाटलं होतं. तिनं आधी सूर्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"कई बाजू?"

"ओढ्यापलीकडे. जुनं आवळ्याचं झाड आहे तिथे."

राठवाबेननं चौकीकडे तोंड करून शिटी घातली. दोन माणसं काठ्या घेऊन धावत आली. तिघांत काहीतरी बोलणं झालं, त्यांच्या स्वतःच्या भाषेत, भराभर. निरुपमाला एकच शब्द कळला, अस्वलाचा, आणि तिनं तो परत विचारला. "रींछ?"

"रींछण," राठवाबेन म्हणाली. "बे बच्चां साथे. दिवाळी पछी त्यां ज रहे छे. एटले तो ए बाजू बंध करी छे, बेन. अमस्ती नथी करी." अस्वलीण होती, दोन पिल्लं घेऊन, दिवाळीपासून तिथेच. मग राठवाबेननं विहंगपुढे हात केला. "चावी."

निरुपमानं पर्समधून साखरेच्या पुड्या काढून तिच्या मुठीत कोंबल्या. "शुद्धीवर असतील तर तोंडात घाला. नसतील तर हिरड्यांना चोळा. पाणी ओतू नका, छातीत जाईल."

राठवाबेननं मान हलवली, खिशात सुतळीबॉम्बची पिशवी घातली, आणि तिघं झाडांत शिरली. एक मिनिटभर खाकी शर्ट दिसला. मग तोही दिसेना.

"झालं समाधान?" मोहनाताई गाडीतून उतरली.  "तुझ्या पोटी पोर असतं तर कळलं असतं तुला, एका कागदासाठी दोन वर्षं..."

हे ती आजवर कधी बोलली नव्हती. वीस वर्षांत कधी नाही. अनीश चटकन पुढे आला. "ताई, बास."

"का बास? खोटं आहे?"

"बास म्हटलं ना!" तो एवढा ओरडला की चौकीतला माणूस बाहेर डोकावला. मग अनीश निरुपमाच्या शेजारी येऊन उभा राहिला. हात धरला नाही, काही नाही, नुसता उभा राहिला. त्याच्या शर्टाला घामाचा वास येत होता.

"मी फक्त एवढंच म्हणत होतो," विश्वासराव म्हणाले, "की युक्ती जरा नीट सांगितली असती तर..."

"विश्वासराव."

गाडीच्या उघड्या दारातून सासूबाई बोलल्या. हळूच. "आमचे हे गेले तेव्हा मोहना अकरावीत होती. तिच्या कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या जागी सही भावजींनी केली. तुमच्या लग्नात कन्यादान भावजींनी केलं. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचं दोनदा ठरलं, दोनदा त्यांनी मोडलं, ह्या घराला कोण बघणार म्हणून. तुम्ही त्यांना आज म्हणालात, मोजणीत नाही. मी ऐकलं. मीही गप्प बसले." त्यांनी पर्सवरचे हात उचलले आणि परत ठेवले. "आता तुम्ही गप्प बसा."

विश्वासराव गाडीपासून लांब जाऊन उभे राहिले.

नंतर फक्त वाट बघणं होतं. ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं आणि तिथून निघून गेलं. निरुपमा आकडे मोजत होती, तिचा इलाज नव्हता. पाच वाजता साखर पन्नास. साडेपाचला चाळीस. चाळीसच्या खाली झटके येतात. तिनं लॅबमध्ये असे रिपोर्ट लाल पेननं गोल करून डॉक्टरांना पळवत नेले होते. इथे पळवत न्यायला काही नव्हतं.

मग लांबून आवाज आला. धाड. सगळे उभे राहिले. परत, धाड, धाड. दरीत तो घुमत राहिला. आणि त्याच्या मागोमाग दुसरा आवाज, ज्याला निरुपमाकडे शब्द नव्हता. घोगरा, ओला, लांब ओढलेला, माणसाचा नव्हे एवढं नक्की. मोहनाताईनं पदर तोंडात कोंबला. विहंग चौकीच्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

आणि मग काहीच नाही. अर्धा तास काहीच नाही.

बाहेर आले ते तांबडा उजेड संपता संपता. पुढे राठवाबेन, मागे एकाच्या पाठीवर बापू. पाय लोंबत होते, एक घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. ओठांना साखर चिकटलेली. पण डोळे उघडे होते. त्यांना चौकीसमोरच्या खाटेवर ठेवलं. निरुपमा धावली, मनगट धरलं. नाडी होती. अंग गार, घामानं थबथबलेलं, पण नाडी होती.

"हाथमां पतराळुं हतुं," राठवाबेन धापा टाकत म्हणाली. "पकडीने ज बेठा हता. आंगळीओ खोलवी पडी." झाडाचं ते पान सोडवायला त्यांची बोटं उघडावी लागली होती. पाणी पिऊन तिनं वही ओढली आणि बापूंसमोर उकिडवी बसली. "काका, आ बधां तमारां?"

बापूंनी एकेकाकडे बघितलं. निरुपमा, अनीश, वहिनी, विश्वासराव, मोहना. विहंगवर त्यांची नजर जरा जास्त थांबली. मग ते स्वच्छ गुजरातीत म्हणाले, "ना. हुं कोईने ओळखतो नथी. एकलो आव्यो छुं. पेला गामथी, चालतो."



राठवाबेननं निरुपमाकडे मान वळवली. "बेन, काका ना पाडे छे. आ बाजूथी आव्या नथी, तो तमारा पर कंई नथी. केस एमना एकला पर. रात्रे रेंज ऑफिसे बेसाडीशुं, सवारे जोईशुं." तिनं चावी बोटात फिरवली. "तमारे जवुं होय तो जाव. पछी मारुं लखवानुं शरू."

केस बापूंवर एकट्यावर, बाकीच्यांनी निघून जायचं. हे ती का करत होती ते निरुपमाला कधीच कळलं नाही. कदाचित दया आली असेल. कदाचित पारखत असेल. विश्वासरावांचे खांदे इंचभर खाली आले, तिनं ते बघितलं. चावी तिथेच होती. बापू तिच्याकडे रोखून बघत होते, भुवया वर करून, लहान पोरांना गप्प करायला करतात तसे. जा ना, म्हणत होते.

निरुपमानं तोंड उघडलं.

"आजोबा आहेत माझे," विहंग म्हणाला.

तो भिंतीपासून उठला होता. खिशातून लायसन्स काढून त्यानं वहीवर ठेवलं. "गाडी हुं चलावतो हतो. मने खबर हती."

"गप रे!" बापू मराठीत खेकसले. "कोण तू? मी ओळखत नाही ह्याला! मूर्खा, तुझं तिकडचं..."

"बापू, तुम्ही कुणालाही खोटं सांगा," विहंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याला ते पुसायचंही सुचत नव्हतं. "मला येत नाही."

मोहनाताई जागची हलली. निरुपमाला वाटलं मुलाला ओढून नेते. ती मुलाला ओलांडून खाटेपाशी गेली, मातीत बसली आणि बापूंचा सुजलेला पाय मांडीवर घेतला. "मारा काका छे," ती राठवाबेनला म्हणाली, वर न बघता. "बाप ज समजो. लखो."

बापूंचा चेहरा एकदम मोडला. दुपारपासून जे काही त्यांनी दातांखाली धरून ठेवलं होतं ते सुटलं, आणि ते कापायला लागले. आधी हात, मग खांदे, मग सगळी खाट. अनीशनं एक हात धरला, निरुपमानं दुसरा. थरथर थांबेना. साखरेचं हे कापणं नव्हतं. ते कापणं तिला ओळखता येत होतं.

राठवाबेननं पेन वहीत ठेवून वही मिटली. "लखीशुं. पहेलां खवडावो."

सासूबाईंनी गाडीतून पान आणलं. मुंग्या झटकल्या, दोनांतली चांगली पुरी निवडली. निरुपमानं तुकडा मोडला, भातात बुडवला, बापूंच्या ओठांशी नेला.

"बापू, आ करा. घरी जायचंय."

ते तोंड उघडत नव्हते. तिच्या खांद्यावरून, काळ्या पडत चाललेल्या झाडांकडे बघत होते. मग त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं आणि श्वासाच्या आवाजात म्हणाले,

"हळू बोल. झाडाखाली पोरं झोपलीयत तिची."